बाईंच्या गाडीचा टप

गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली तेव्हा मिस्त्रीच्या कपाळाची शीर उडायला लागली. राग तसा त्याच्या नाकावरच असायचा. पाना हातातून निसटला तर तो पान्याशी भांडायचा, आणि पाना उलट बोलत नाही म्हणून आणखी चिडायचा. पण या गाडीवर ओरडायची सोय नव्हती. गाडी बाईंची होती, आणि बाईंपुढे त्याचा आवाज अजूनही चढत नसे.

या बाई कोण, ते आधी सांगायला हवं. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचंच, गाडी एकच, आणि शिकवणाऱ्या त्या एकट्या. त्यांची बोलणी खाऊन निम्म्या शहराने लायसन्स काढलं होतं. मिस्त्रीनेही काढलं. अठराव्या वर्षी त्याला अख्खं इंजिन खोलून परत जोडता येत होतं, पण गाडी रिव्हर्स घेता येत नव्हती. आता मेकॅनिकला रिव्हर्स येत नाही हे बाहेर फुटलं असतं तर त्याच्याकडे कोण गेलं असतं? बाईंनी त्याला पहाटे पहाटे रिकाम्या मैदानात नेऊन शिकवलं आणि कुणाला अवाक्षर कळू दिलं नाही. असले उपकार माणूस विसरत नसतो.

स्कूल बंद केल्यावर बाईंनी स्वतःच्या हौसेसाठी ही गाडी घेतली. जुनीच, पण टप उघडणारी. बटण दाबून धरलं की आधी चारही काचा खाली जायच्या, मग डिकीचं झाकण उलट्या बाजूने वर व्हायचं, कापडी टप कमरेत वाकल्यासारखा दुमडायचा आणि हळूच डिकीत जाऊन झोपायचा. वीस-बावीस सेकंदांचा खेळ. लोक हसले. या वयात बाईंना काय सुचलं म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि टप उघडा टाकून बाजारातून दोन फेऱ्या मारल्या.

मागच्या हिवाळ्यापासून तर रात्रीपुरता सोडला तर त्यांनी टप मिटणंच बंद केलं. थंडी असो, धूळ असो, डोक्याला रुमाल बांधून उघड्या गाडीतच जायचं. टप उघडला नाही तर गाडी जागची हलायची नाही. आणि नेमका तो टप आता उघडेना झाला होता. बटण दाबलं की गाडी एकदा बारीकशी पीं करायची आणि गप्प बसायची. येत्या रविवारी बाईंना डोंगरापलीकडे धाकट्या बहिणीकडे जायचं होतं, एकटीने, गाडी घेऊन. काहीही कर पण शनिवारपर्यंत टप उघडून दे, असा निरोप त्यांनी नवऱ्याबरोबर धाडला होता.

बाईंच्या नवऱ्याला सगळे काका म्हणत. गाडी गॅरेजला तेच आणत, कारण बंद डब्यात बसून बाई येणार नव्हत्या. काका म्हणजे अगदी गरीब माणूस. कारखान्यात नकाशे काढण्यात जन्म गेला, पण घरापासून गॅरेजपर्यंत यायचं तरी दोनदा रस्ता विचारणार. गाडी लावून ते बाकावर बसायचे, चष्मा पुसायचे आणि मिस्त्री बटण दाबायचा.

आणि टप उघडायचा. हेच तर डोकेदुखीचं कारण होतं. पहिल्या वेळी उघडला, दुसऱ्या वेळी उघडला, आज तिसऱ्या वेळीही कसलीही कुरकुर न करता सरळ जाऊन डिकीत झोपला. पहिल्या खेपेला मिस्त्रीने बॅटरी तपासली, फ्यूज बदलले. दुसऱ्या खेपेला टप उचलणाऱ्या पंपातलं तेल बघितलं आणि काचांचे स्विच साफ केले, कारण काच पुरती खाली गेली नाही तर टप हलत नाही. तिसऱ्या खेपेला डिकीच्या बिजागरीतून जाणारी तारांची जुडी उसवून एकेक तार मीटर लावून पाहिली. सगळं ठणठणीत. गाडी घरी गेली की दुसऱ्या सकाळी फोन ठरलेला: उघडत नाही.

त्या दिवशी जेवताना मिस्त्री भाकरीवर राग काढत होता, म्हणजे चावत कमी होता आणि तोडत जास्त होता. त्याची बायको गॅरेजचा फोन आणि नोंदवही सांभाळायची, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, की अहो, दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं तर होत नाहीये ना? गाडी आजारी पडते त्यांच्या घरी, आणि तपासताय तुम्ही इथे. मिस्त्रीने तिच्यावर डोळे वटारले, कारण मुद्दा बिनतोड होता.

गुरुवारी सकाळी, कुणाला न कळवता, तो पिशवीत मीटर आणि चार पाने टाकून बाईंच्या घरी गेला.

बैठं घर, पुढे छोटा पोर्च, पोर्चमध्ये गाडी. बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा उजळला. किल्ली त्यांनी स्वतः आणून दिली, बघ तूच, म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. मिस्त्रीने बटण दाबलं. पीं. काच हलली नाही, पंप हुंकारला नाही. मिस्त्रीला अगदी बरं वाटलं. चोर एकदाचा घरात सापडला होता.

त्याने डिकी उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला.

या गाडीच्या डिकीत एक घडीची फळी असते, सामान आणि टप यांच्या मधली. ती खाली ओढून दोन्ही बाजूंच्या खाचांत बसवली, तरच गाडीला कळतं की टपाला झोपायला जागा मोकळी आहे. फळी वर असली की गाडी समजते डिकी सामानाने भरली आहे, आणि टप जागचा हलत नाही. अगदी पहिल्या धड्यातली गोष्ट. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मिस्त्रीचीही चूक म्हणता येईना. गॅरेजमध्ये तिन्ही वेळा ही फळी खालीच होती, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ती वर होती, आणि डिकी रिकामी होती. बाई तर पाठीच्या दुखण्यामुळे डिकीला हातच लावत नसत; त्यांची पिशवी कायम मागच्या सीटवर. मग फळी वर केली कुणी?

मिस्त्रीने फळीला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला. काका दारात उभे होते. पायांत चप्पल नव्हती.

"राहू दे ती वर," काका म्हणाले. "पाया पडतो तुझ्या."

इतक्या वयाचा माणूस असं म्हणतो तेव्हा काय करावं हे कुणी शिकवत नाही. मिस्त्रीने फळीवरचा हात काढून घेतला. काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि भराभर सगळं सांगून टाकलं. महिन्यापूर्वी बाई पाव आणायला म्हणून गेल्या आणि तीन तासांनी परत आल्या. पाव नव्हता. वाटेत कुणी भेटलं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काकांना चपलांच्या दुकानदाराने गाठलं. त्याचं दुकान म्हणजे पूर्वीचं बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल. बाई त्याच्या दारात गाडी लावून आत गेल्या होत्या आणि आज सकाळच्या बॅचची मुलं कुठे आहेत म्हणून विचारत होत्या. दुकानदार भला माणूस. त्याने बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळाने त्यांच्या त्या उठून गेल्या. त्याआधीही दोन-तीनदा असं काही झालं असावं, असं काकांना आता वाटत होतं.

ज्या बाईने आपल्याला गाडी शिकवली, तिला गाडी चालवू नको म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं, हे काकांना उमजत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग त्यांना ती फळी आठवली. रोज पहाटे उठून ते फळी चाचपून बघत, खाली असली की वर करत. गॅरेजला जाताना वाटेत थांबून खाली बसवत, म्हणजे मिस्त्रीला काही सापडू नये. टप उघडत नाही तोवर बाई बाहेर पडत नाहीत. तीन आठवडे त्यांना निवांत झोप लागली होती.

"पार्ट मिळत नाही म्हण," काका म्हणाले. "तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

दुसऱ्या कुणी खोटं बोलायला सांगितलं असतं तर मिस्त्रीने त्याची खरडपट्टी काढली असती. पण काकांच्या अनवाणी पायांकडे पाहून त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

चहा घेताना तो बोलला. पंप गेलाय म्हणाला. पार्ट बाहेरून मागवावा लागेल, दोन-अडीच महिने सहज लागतील. बोलताना तो कपाच्या कानाकडे बघत होता. बाईंनी विचारलं, पंप अगदीच आवाज करत नाही का? नाही म्हणाला. बाईंनी मान हलवली. एक प्रश्नही जास्तीचा विचारला नाही, आणि त्यानेच मिस्त्री मेल्याहून मेल्यासारखा झाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग रविवारी बंद टपानेच जाते."

काकांचा कप बशीवर वाजला. मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिस्त्रीकडे. झालं, काकांचं सगळं राजकारण एका वाक्यात पालथं झालं होतं. आता बाई त्या डोंगरातून बंद गाडीत एकट्या जाणार, आणि हे दोघं खोटं धरून बसले तर त्यांना कुणी अडवणार नव्हतं. मिस्त्रीला नेहमी वाटायचं की आपल्याला खोटं रेटता येत नाही तो आपला कमीपणा आहे. आज त्याला ते बरं वाटलं.

"बाई, पंप चांगला आहे," तो म्हणाला. "डिकीतली फळी वर होती. मुद्दाम केलेली."

कुणी केली ते त्याला सांगावं लागलं नाही. बाई नवऱ्याकडे वळल्या. काका चष्मा काढून पुसत बसले, आणि पुसता पुसताच त्यांनी चपलांच्या दुकानाचं नाव घेतलं. मिस्त्रीला वाटलं आता आभाळ कोसळणार. बाईंची बोलणी त्याने खाल्लेली होती, जीभ तिखट होती त्यांची. पण बाईंनी काकांच्या हातातून चष्मा घेतला, पदराने नीट पुसला आणि परत दिला.

"त्याने मला स्टूल दिलं होतं बसायला," बाई म्हणाल्या. "लाल रंगाचं. सगळं आठवतंय मला. तुम्हाला कळलं तर तुमची झोप उडेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे बघा. एकाच घरात, एकाच छताखाली, दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसले होते. एक पहाटे उठून फळी वर करत होता आणि दुसरी जागी राहून तो परत येईपर्यंत झोपेचं सोंग घेत होती. पोर्चमध्ये जातात एवढं बाईंना कळत होतं. काय करतात ते कळत नव्हतं. त्यांना वाटायचं म्हातारा एकटा बसून रडतो.

मग बाईंनी टपाचं सांगितलं, अगदी शांतपणे, धडा समजावून द्यावा तसं. टप उघडा असला की माणूस दिसतो. निम्मं शहर आपल्या हाताखालून गेलेलं. कुठे भलतीकडे निघाले, तर कुणीतरी ओळखीचं हाक मारतं, बाई, इकडे कुठे? दोन शब्द बोलणं होतं, आणि मग रस्ता परत ध्यानात येतो. हिवाळ्यात दोनदा असंच झालं होतं, एकदा औषधवाल्याने हाक मारली, एकदा एका बसवाल्याने. बंद डब्यात कोण ओळखणार?

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बायको हरवू नये म्हणून ते तीन आठवडे झटत होते, आणि तिने स्वतःसाठी केलेली सोयच त्यांनी मोडून ठेवली होती. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

बाई उठल्या. टप उघड, मिस्त्रीला म्हणाल्या, एक फेरी मारून येऊ. तीस वर्षं मी लोकांची परीक्षा घेतली, आज तू माझी घे. अट एकच, रस्ता सांगायचा नाही. नीट घरी परत आले तर रविवारी मी एकटी जाणार, आणि कुणी काही बोलायचं नाही. काकांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मिस्त्रीने फळी खाली बसवली. टप उघडला. बाई चालवायला बसल्या आणि तो शेजारी. खरी गोष्ट अशी की त्याला मनापासून त्यांना पास करायचं होतं.

गाडी अशी चालली की ऐकत राहावं. गिअर पडल्याचं कळत नव्हतं. बाजारात औषधवाल्याने दुकानातून हात केला, दुधाच्या टेम्पोवाल्याने गाडी बाजूला घेऊन बाईंना आधी जाऊ दिलं. शाळेच्या कोपऱ्यावर एक पोक्त बाई स्कूटर थांबवून म्हणाली, बाई, तब्येत बरी ना? बाई प्रत्येकाला नावाने उत्तर देत होत्या. मिस्त्रीला वाटलं, काय उगाच घाबरलो आपण, या तर आपल्यालाही घेऊन डोंगर ओलांडतील.

बाजार संपला आणि नव्या वस्तीकडचा मोठा चौक आला. चार रस्ते, चारही सारखेच रुंद, चारही बाजूंना सारख्याच उंच इमारती. सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही. बाईंनी डावा इंडिकेटर दिला. मग तो बंद केला आणि उजवा दिला. मग परत डावा. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मिस्त्रीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण एक हात आपोआप डावीकडे जायला बघत होता. त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी हाक मारावी, कुणीही. हेल्मेटमधली मुलं, कानात वायरी घातलेल्या मुली, एकही चेहरा ओळखीचा नाही. मागे हॉर्न सुरू झाले. एक मोटारसायकल अगदी खेटून पुढे आली आणि तिच्यावरचा तरुण वाकून म्हणाला, आजी, बाजूला घ्या ना गाडी.

तो वाईट बोलला नव्हता. पण बाई म्हणायच्या ऐवजी तो आजी म्हणाला, आणि बाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं ते मिस्त्रीने पाहिलं.

बाईंनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि इतक्या रहदारीतून गाडी शिताफीने कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"गाडी मला येते रे," त्या म्हणाल्या. "रस्ता येईना झालाय."

मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला फडकं सोडून काही मिळालं नाही, ते पण तेलकट. बाई उतरल्या, गाडीला वळसा घालून त्याच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. सरक, म्हणाल्या. परतीच्या वाटेवर तो चालवत होता आणि त्या बोलत होत्या, की क्लच अर्धा दाबून ठेवू नकोस, प्लेट जळते, मेकॅनिक ना तू? त्यावर तो हसला, आणि त्याही हसल्या.

काका फाटकातच उभे होते, अजून अनवाणी. मिस्त्री चालवताना दिसला तेव्हाच त्यांना काय ते समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा लवलेशही नव्हता. बाईंनी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"रविवारी तुम्ही चालवा," बाई म्हणाल्या. "सावकाश. पण टप उघडाच ठेवायचा."

काका म्हणाले, की आता मी असताना तुला कुणी ओळखायची काय गरज?

"लोकांनी मला ओळखायचं ते झालं," बाई म्हणाल्या. "मी ओळखतेय तोवर मला त्यांना हाका मारून घेऊ द्या."

काकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि रविवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.